लाल दिवा, जखम आणि जंतू

अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीत आम्ही राहतो. सासूबाईंचे वय शहात्तर, मधुमेह वीस वर्षांपासूनचा, आणि गेली काही वर्षे दोन्ही तळपायांची जाणीव मंदावलेली. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या अंगठ्याखाली चप्पल घासून एक लहानशी जखम झाली. दुखत नव्हती, म्हणून ती चार दिवस कोणाच्या लक्षातही आली नाही. लक्षात आली त्याच आठवड्यात मी मोबाइलवरची एक जाहिरात पाहून लाल प्रकाशाचा एक लहान दिवा मागवला. ‘जखम लवकर भरते, जंतू मरतात, वेदना थांबतात’ असे त्याच्या खोक्यावर छापलेले होते. दुपारची जेवणे उरकली की सासूबाई पाय स्टुलावर ठेवीत आणि मी अर्धा तास तो दिवा जखमेवर धरून बसे. आपण काहीतरी करीत आहोत, याचे समाधान फार मोठे असते. त्या समाधानात रोजची मलमपट्टी एक दिवसाआड होऊ लागली, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी सासूबाईंनी सहज विचारले, “अगं, हा उजेड जखमेला लागतो तसा जंतूंनाही लागतच असेल ना? मग त्यांचं काय होतं?”

“मरत असतील, आई,” मी म्हणाले. मला खरे उत्तर ठाऊक नव्हते.

बाराव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा वास आला. कडेची त्वचा लाल होऊन वर सरकली होती. त्याच संध्याकाळी आम्ही रुग्णालय गाठले. शल्यविशारदांनी मृत ऊती काढल्या, प्रतिजैविके सुरू केली आणि पायावर भार न देण्याची सक्त ताकीद दिली. अंगठा वाचला. घरी परतताना डॉक्टर एवढेच म्हणाले की, दिव्याने जखम बिघडवली असे ते म्हणणार नाहीत. पण त्या बारा दिवसांत जे व्हायला हवे होते ते झाले नाही. सासूबाईंचा प्रश्न मात्र माझ्या मनात तसाच राहिला. पुढच्या काही महिन्यांत त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते घरात वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडेल असे वाटते.

मंद प्रकाशाचे दोन चेहरे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. ‘प्रकाशाने जंतू मरतात’ हे विधान सरसकट खरे नाही आणि खोटेही नाही. कोणता प्रकाश, किती तीव्रतेचा आणि किती वेळ, यावर सारे अवलंबून असते. रंग म्हणजे तरंगलांबी, आणि ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. जंतुनाशक दिव्यातील अतिनील किरण साधारण २५४ नॅनोमीटरचे असतात. ते जीवाणूच्या डीएनएवर थेट आघात करतात. डीएनएच्या साखळीतील शेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटतात, साखळीची नक्कल करता येत नाही आणि जीवाणूची वाढ थांबते. जांभळा-निळा प्रकाश, विशेषतः ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, निराळ्या मार्गाने काम करतो. अनेक जीवाणूंच्या शरीरात पॉर्फिरिन नावाची द्रव्ये असतात. ती हा प्रकाश शोषून ऑक्सिजनची दाहक रूपे निर्माण करतात, आणि पुरेशा मात्रेत हीच रूपे जीवाणूला मारतात.

आमच्या दिव्याचा प्रकाश लाल होता, म्हणजे ६३० ते ६६० नॅनोमीटरच्या टप्प्यातला. या प्रकाशाच्या कणांत डीएनए थेट तोडण्याएवढी ऊर्जा नसते. मंद लाल प्रकाशाने जंतू हमखास मरतात, असे मानायला आधार नाही. लाल प्रकाशाने जंतू मारायचे असतील तर मिथिलीन ब्ल्यूसारखे एखादे प्रकाशसंवेदी रंगद्रव्य आधी जखमेत सोडावे लागते. ती एक स्वतंत्र वैद्यकीय पद्धत आहे आणि ती घरी करण्याजोगी नाही.

मग लाल प्रकाश जीवाणूंवर काहीच परिणाम करीत नाही का? येथे गोष्ट रंजक होते. तिचा आरंभ लाल प्रकाशापासून होत नाही. तो खिडकीतून येणाऱ्या साध्या उजेडापासून होतो.

खिडकीजवळची टाकी

अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत अल्बर्ट केल्नर हे शास्त्रज्ञ स्ट्रेप्टोमायसीज ग्रिसियस या सूक्ष्मजीवाच्या बीजाणूंवर अतिनील किरणांचा मारा करून त्यांतील किती जगतात ते मोजत होते. मोजणी जुळेना. तोच मारा, तेच बीजाणू. तरी एखाद्या खेपेस पुष्कळ जगत, एखाद्या खेपेस जवळजवळ सारे मरत. तापमानाचा हा परिणाम असावा असे प्रथम वाटले. पुढे ध्यानात आले की, नमुने ठेवण्याची काचेची पाण्याची टाकी खिडकीजवळ होती आणि तिच्यावर उजेड पडत होता. उजेडातले बीजाणू सावरत होते आणि अंधारातले मरत होते. हे निरीक्षण १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी रेनातो दुल्बेको यांनी जीवाणूभक्षक विषाणूंच्या बाबतीतही हेच पाहिले: एकावर एक रचलेल्या काचपात्रांपैकी दिव्याखालच्या वरच्या पात्रांत विषाणू अधिक संख्येने सावरलेले होते.

कारण पुढे उलगडले. अनेक जीवाणूंपाशी फोटोलायेझ नावाचे विकर असते. विकर म्हणजे पेशीतील रासायनिक कामे घडवून आणणारे प्रथिन. हे विकर डीएनएच्या चिकटलेल्या दुव्यांवर जाऊन बसते, निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा कण शोषते आणि त्या ऊर्जेने दुवे पुन्हा सुटे करते. एका रंगाच्या प्रकाशाने केलेली मोडतोड दुसऱ्या रंगाचा प्रकाश वापरून दुरुस्त होते! या विकराच्या कार्याचा सखोल अभ्यास करणारे अझीझ संजर यांना तोमास लिंडाल व पॉल मोड्रिच यांच्यासह २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे तिघेही डीएनएच्या दुरुस्तीचे अभ्यासक.

माणसाजवळ मात्र फोटोलायेझ नाही. उन्हाने आपल्या त्वचेतील डीएनएची जी हानी होते, ती आपल्या पेशी दुसऱ्या मार्गाने दुरुस्त करतात: खराब झालेला तुकडा कापून काढायचा आणि त्या जागी नवा विणायचा. हे काम प्रकाशावाचून, अहोरात्र चालते. उन्हाच्या बाबतीत जीवाणूपाशी असलेले हे जादा हत्यार आपल्यापाशी नाही, हे आपण विसरता कामा नये.

आपल्या स्वयंपाकघरातला धडा

हे सारे प्रयोगशाळेपुरते आहे असे वाटेल. पण मुंबईतल्या कितीतरी घरांत अतिनील दिव्याचे जलशुद्धीकरण यंत्र असते. त्यातून बाहेर आलेल्या पाण्यात क्लोरिनसारखे रक्षण करणारे काही उरत नाही. दिवा जुना होऊन क्षीण झाला असेल किंवा पाणी गढूळ असेल, तर काही जीवाणू अर्धवट जखमी होऊनच बाहेर पडतात. ते पाणी पारदर्शक बाटलीत भरून खिडकीत ठेवले, तर त्या जीवाणूंना सावरण्यासाठी उजेडही मिळतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. पुरेशी मात्रा मिळाली तर जीवाणूंची दुरुस्तीही तोकडी पडते. म्हणून तीन साध्या सवयी पुरेत. दिवा पेटतो आहे एवढ्यावर समाधान न मानता उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा. गढूळ पाणी आधी गाळून घ्यावे. शुद्ध केलेले पाणी झाकणाच्या स्वच्छ, अपारदर्शक भांड्यात ठेवून त्याच दिवशी संपवावे. आजारी वा अशक्त ज्येष्ठ घरात असतील तर हे विशेष कटाक्षाने करावे.

इंदूरचा प्रयोग

आता पुन्हा लाल प्रकाशाकडे वळू. अँटॉप हिलहून पूर्वेला काही किलोमीटरवर ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. प्रचंड किरणोत्साराने डीएनएचे तुकडेतुकडे झाले तरी ते पुन्हा जुळवून घेणारा डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जीवाणू तेथील जीवशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय राहिला आहे. अणुऊर्जा विभागाने लेसरविषयक संशोधनासाठी १९८४ मध्ये इंदूरला स्वतंत्र केंद्राची पायाभरणी केली; होळकरांचे आणि मराठी कुटुंबांचे हे जुने शहर. आज ते राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या नावाने ओळखले जाते. आमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा भारतीय प्रयोग याच केंद्रातला आहे.

आर. कोहली, पी. के. गुप्ता आणि ए. दुबे यांचा हा शोधनिबंध २००० साली प्रसिद्ध झाला. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूच्या नमुन्यावर त्यांनी आधी हीलियम-निऑन लेसरचा लाल प्रकाश सोडला, तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. काही काळ जाऊ दिला आणि मग त्याच जीवाणूंवर घातक अतिनील किरणांचा मारा केला. आधी लाल प्रकाश मिळालेले जीवाणू अधिक संख्येने जगले. मिळालेले संरक्षण लाल प्रकाशाची एकूण मात्रा, त्याची तीव्रता आणि दोन माऱ्यांमधला अवधी, या तिन्हींवर अवलंबून होते. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात याच लाल प्रकाशाने ई. कोलायमधील फोटोलायेझ घडवणाऱ्या जनुकाचे काम वाढल्याचे त्यांना दिसले.

याचा अर्थ काय घ्यायचा? मंद लाल प्रकाश हा पेशीला बसलेला एक हलकासा धक्का मानता येईल. धक्का सोसण्याजोगा असला की पेशी सावध होते आणि दुरुस्तीची यंत्रणा सज्ज ठेवते. मग मोठे संकट आले तर ती अधिक तग धरते. व्यायामाने थोडे दमलेले शरीर पुढच्या श्रमाला तयार होते, तसेच हे.

अन्य देशांतील संशोधकांनी, विशेषतः ब्राझीलमधील गटांनी, डीएनए दुरुस्तीची एखादी जनुके नसलेले ई. कोलायचे प्रकार घेऊन मंद लेसरचे परिणाम तपासले आहेत. त्यांतून दिसणारे चित्र एकसारखे नाही. पुष्कळदा जीवाणूंच्या जगण्यावर काहीच फरक पडत नाही. काही मात्रांना मात्र जीवाणू विभागण्याचे थांबून तंतूसारखे लांबट होतात. डीएनएला इजा झाली की जीवाणू विभाजन थांबवून आधी दुरुस्ती करतो, आणि असा लांबट आकार हे त्याचे एक परिचित लक्षण आहे. म्हणजे लाल प्रकाश डीएनए थेट तोडत नसला, तरी पेशीत ऑक्सिजनची दाहक रूपे वाढवून अप्रत्यक्ष ताण देऊ शकतो. हा ताण हितकर ठरेल की अहितकर, हे मात्रेवर आणि त्या पेशीच्या दुरुस्तीच्या कुवतीवर ठरते.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. होय, उजेड जंतूंनाही लागतो. ते मरतीलच असे नाही, आणि प्रयोगशाळेतील विशिष्ट परिस्थितीत ते अधिक चिवट झाल्याचेही दिसले आहे. येथे एक सावधगिरी हवी. प्रयोगशाळेतील द्रवात वाढवलेला एका जातीचा जीवाणू आणि मधुमेही पायाच्या जखमेतले जंतूंचे मिश्रण, यांत मोठे अंतर आहे. तेव्हा लाल दिव्याने जखमेतला संसर्ग वाढतो, असा निष्कर्ष या प्रयोगांवरून काढता येत नाही. ‘जंतू मरतात’ हे खोक्यावरचे वाक्य मात्र निराधार ठरते.

रुग्णांच्या बाबतीत काय आढळले

मंद लेसर उपचाराची कथा बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर यांच्यापासून सांगितली जाते. १९६० मध्ये पहिला लेसर तयार झाला आणि त्यानंतर काही वर्षांतच, १९६७ च्या सुमारास, मेस्टर यांनी उंदरांच्या भादरलेल्या त्वचेवर मंद लेसर टाकला. अपाय होतो का हे पाहायचे होते. केस मात्र लवकर उगवले. आपल्या पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकाँड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ नावाचे प्रथिन असते. ते लाल व अवरक्त प्रकाश शोषते आणि त्यातून पेशीचे काम वेग घेते, असे आज अनेक अभ्यासक मानतात.

काही ठिकाणी या उपचाराचा लाभ चांगल्या चाचण्यांत दिसला आहे. डोके व मान यांच्या कर्करोगावर किरणोपचार घेताना तोंड आतून सोलवटते, घास गिळवत नाही. मणिपाल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी दोनशेहून अधिक रुग्णांवर केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हीलियम-निऑन लेसरने हा त्रास कमी झाल्याचे आढळले. कर्करोग रुग्णांच्या शुश्रूषेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही ठराविक रुग्णांसाठी हा उपचार सुचवलेला आहे. मात्र तो प्रशिक्षित हातांनी, मोजलेल्या मात्रेत आणि कर्करोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यायचा असतो.

सर्व जखमांना हे लागू नाही, आणि याचा एक दाखला आमच्या घराच्या अगदी जवळच्या इतिहासाशी जोडलेला आहे. अँटॉप हिलला लागून असलेल्या वडाळ्यात अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. मुंबईचे तत्कालीन महापालिका आयुक्त एच. ए. अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये निराधार कुष्ठरुग्णांसाठी ते सुरू झाले. हे तेच अ‍ॅक्वर्थ, ज्यांनी शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह केला. कुष्ठरोगाने तळपायाची जाणीव जाते, खडा रुतला तरी कळत नाही आणि तळव्याला व्रण पडतात. मधुमेही पायाची व्यथाही अशीच. ब्राझीलमध्ये कुष्ठरोगोत्तर व्रणांवर मंद लेसरची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या मलमपट्टीच्या जोडीला लेसर दिल्याने जखम भरण्यात अधिक लाभ दिसला नाही.

कारण समजण्याजोगे आहे. बधिर तळव्यावरची जखम पेशी आळसावल्यामुळे रेंगाळत नाही. तिच्यावर प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार पडत असतो. तो भार काढला नाही, तर कोणताही प्रकाश पुरा पडणार नाही.

मात्रा म्हणजे काय

लेसर वा एलईडी उपचारात मात्रा ज्यूलमध्ये मोजतात, आणि तिचा हिशेब सोपा आहे: वॅट गुणिले सेकंद. १०० मिलिवॅटचा प्रकाश ४० सेकंद पडला तर ४ ज्यूल ऊर्जा मिळते. ती किती क्षेत्रावर पसरली, हेही पाहावे लागते. मात्रा फार कमी असेल तर परिणाम दिसत नाही, फार जास्त असेल तर तो उलटतो. माझ्या दिव्याच्या खोक्यावर वॅट, नॅनोमीटर वा ज्यूल यांपैकी एकही आकडा नव्हता. औषधाच्या बाटलीवर मिलिग्रॅम लिहिलेले नसेल, तर ते औषध आपण घरातल्या वडीलधाऱ्यांना देऊ का?

घरातल्या शुश्रूषेसाठी

लाल प्रकाशाचा उपचार कोणी सुचवला, तर पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• आधी निदान, मग दिवा. जखम कशामुळे झाली, रक्तपुरवठा कसा आहे, संसर्ग आहे का, हे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोणताही प्रकाशोपचार सुरू करू नये.

• उपचार करणाऱ्याला तरंगलांबी, मात्रा आणि बैठकींची संख्या विचारावी. किती बैठकींनंतर फरक न पडल्यास थांबायचे, हेही आरंभीच ठरवावे.

• मलमपट्टी, साखरेवर नियंत्रण आणि पायावरचा भार कमी करणारी पादत्राणे यांत एक दिवसाचाही खंड पडू देऊ नये. मधुमेही पायाच्या उपचारात प्रकाश त्यांची जागा घेऊ शकत नाही.

• बधिर पाय उष्णतेच्या दिव्याने वा गरम पाण्याच्या पिशवीने कधीही शेकू नये. शेकण्याचा दिवा आणि मंद लेसर या भिन्न गोष्टी आहेत. बधिर पायाला चटका बसल्याचे कळत नाही.

• कर्करोग असलेल्या वा पूर्वी झालेल्या जागी कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीशिवाय प्रकाश टाकू नये. प्रकाशाने त्वचा संवेदनशील करणारी डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे चालू असतील तर तसे आधी सांगावे.

• लेसर वापरताना रुग्ण व शुश्रूषा करणारा, दोघांनीही योग्य चष्मा लावावा.

• जंतू मारण्यासाठी विकली जाणारी अतिनील किरणांची कांडी त्वचेवर वा जखमेवर फिरवू नये. ते किरण आपल्याही डीएनएवर तोच आघात करतात.

जखमेला वास येणे, लाली पसरणे, पू, ताप, कडा काळवंडणे किंवा साखर अकारण वाढणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. दुखत नाही, म्हणून वाट पाहू नये. बधिर पायात वेदना हा इशारा देणारा पहारेकरीच उरलेला नसतो.

आमच्या घरी आता दुपारचा तो अर्धा तास निराळ्या कामासाठी आहे. सासूबाई पाय स्टुलावर ठेवतात. मी कोमट पाण्याने पाय पुसते, बोटांच्या बेचक्या कोरड्या करते, आरसा धरून तळवा तपासते आणि टाचांना तेल लावते. चप्पल उलटी करून तिच्यात खडा नाही ना, हे पाहते. जखम भरायला साडेतीन महिने लागले. ती सासूबाईंच्या स्वतःच्या पेशींनी भरली. आमचे काम त्या पेशींच्या आड काही येऊ न देण्याचे होते.

लाल दिवा अजून कपाटात आहे. परवा शेजारच्या एका काकूंनी तो गुडघ्यासाठी मागितला. सासूबाईंनी त्यांना बसवून घेतले आणि म्हणाल्या, “देते. पण आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून या, त्यांनी किती मिनिटं आणि कशासाठी सांगितलंय ते.”